द डाओ हॅक आणि त्यानंतरचे पाच आठवडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ जून २०१६ रोजी ‘द डाओ’ या गुंतवणूक निधीतून ३६ लाखांहून जास्त इथर, म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन, काही तासांत बाहेर गेलं. पाच आठवड्यांनी ते परत आलं, पण त्या खटाटोपात इथेरियमच्या दोन साखळ्या, म्हणजे व्यवहारांच्या दोन वेगळ्या वह्या, झाल्या. क्रिप्टोचा अभ्यास सुरू करणारा माणूस कधी ना कधी या प्रकरणापाशी येऊन थांबतो आणि मग तेच ते प्रश्न विचारतो. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

द डाओ म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडची भिशी डोळ्यांसमोर आणा. दहा-वीस जण पैसे गोळा करतात, एकाच्या घरी वही असते, त्या माणसावर सगळ्यांचा विश्वास असतो. आता त्या माणसाला बाजूला काढा आणि वहीच्या जागी एक प्रोग्राम ठेवा. पैसे प्रोग्रामकडे, हिशोब प्रोग्रामकडे, आणि पैसे कुठे गुंतवायचे हे सभासदांनी मत देऊन ठरवायचं. संचालक मंडळ नाही, कार्यालय नाही, कुठल्याही देशात नोंदणी नाही. हा प्रोग्राम म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. तो इथेरियमवर चढवला की कोणालाही, अगदी लिहिणाऱ्यालाही, त्यात परस्पर बदल करता येत नाही.

कोड लिहिला तो स्लॉक डॉट आयटी या जर्मनीतल्या छोट्या कंपनीने. क्रिस्टोफ येंच हे त्यामागचे मुख्य प्रोग्रामर. त्यांना इंटरनेटवरून उघडता येणारी कुलपं बनवायची होती आणि त्यासाठी भांडवल हवं होतं. साधा निधी उभारण्याऐवजी त्यांनी सगळ्यांना वापरता येईल असा गुंतवणूक निधीच कोडमध्ये लिहून काढला.

किती पैसे जमा झाले होते?

३० एप्रिल ते २८ मे २०१६ या चार आठवड्यांत सुमारे १ कोटी २० लाख इथर. तेव्हाच्या भावाने साधारण १५ कोटी डॉलर. डॉलर त्या वेळी ६७ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे हजार कोटी रुपये धरा. पैसे घालणारे ११ हजारांहून अधिक. जगात तोवर तयार झालेल्या एकूण इथरपैकी सुमारे १४ टक्के इथर या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये येऊन बसलं होतं.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पुढे जे निर्णय झाले ते याच आकड्यामुळे झाले. एखाद्या गावातली एक पतपेढी बुडणं वेगळं आणि गावातला सातवा हिस्सा पैसा जिच्यात आहे ती पतपेढी बुडणं वेगळं.

मग इथेरियम हॅक झालं होतं का?

नाही. इथेरियमने त्याला जे सांगितलं ते बरोबर केलं. चूक डाओच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये होती. बातम्यांमध्ये आजही ही गल्लत होते.

चूक काय होती, प्रोग्रामिंग न येणाऱ्याला समजेल असं सांगा.

बँकेत तुमच्या खात्यावर हजार रुपये आहेत. तुम्ही खिडकीवर स्लिप देता. कॅशियर पेटी उघडतो, हजार रुपये तुमच्या हातावर ठेवतो आणि मग वहीत ‘शिल्लक शून्य’ लिहायला पेन उचलतो. तो पेन टेकवणार तेवढ्यात तुम्ही दुसरी स्लिप पुढे करता. त्याचा नियम असा की स्लिप आली की हातातलं काम ठेवून आधी ती बघायची. तो वही बघतो, शिल्लक हजारच आहे, कारण नोंद झालेलीच नाही. पुन्हा हजार देतो. पुन्हा पेन उचलतो. पुन्हा स्लिप.

डाओमध्ये हेच झालं. रोकड आधी, नोंद नंतर. कुठल्याही किराणा दुकानात उधारीची वही सांभाळणाऱ्याला ही चूक एका वाक्यात कळेल. कोडमध्ये मात्र ती चार वेगवेगळ्या फंक्शन्सच्या आड लपलेली होती.

प्रोग्रामिंग येतं. जरा खोलात सांगा.

ज्या सभासदाला बहुमत पटत नाही त्याला आपला वाटा घेऊन बाहेर पडता यावं, अशी सोय डाओत मुद्दाम ठेवली होती. त्यासाठी ‘स्प्लिट’ नावाचा प्रस्ताव मांडायचा, किमान सात दिवस थांबायचं आणि मग स्प्लिटचं फंक्शन चालवायचं. त्यातून एक नवा ‘चाइल्ड डाओ’ जन्माला यायचा आणि तुमच्या वाट्याचं इथर त्यात जायचं. अल्पमतातल्यांना बहुमताने लुटू नये म्हणून ठेवलेला हा दरवाजा होता. चोरी नेमकी तिथूनच झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

फंक्शनचा क्रम असा होता: आधी वाट्याचं इथर चाइल्ड डाओकडे पाठवायचं, मग सभासदाला त्याचा थकीत मोबदला द्यायचा आणि सगळ्यात शेवटी त्याची शिल्लक शून्य करायची. मोबदला देताना कॉन्ट्रॅक्ट समोरच्या पत्त्याला थेट ‘कॉल’ करत होतं आणि वाटेल तेवढा गॅसही (कोड चालवायचं इंधन) बरोबर देत होतं. समोर माणसाच्या वॉलेटऐवजी दुसरं कॉन्ट्रॅक्ट असेल तर त्या क्षणी त्याचा कोड चालतो. हल्लेखोराच्या कोडने त्या क्षणी एवढंच केलं: स्प्लिट पुन्हा बोलावलं. त्यामुळे शिल्लक शून्य करणाऱ्या ओळीपर्यंत पोहोचण्याआधीच इथर पुन्हा पुन्हा जात राहिलं, दर फेरीला सुमारे २५८ इथर. याला रीएंट्रन्सी म्हणतात.

यात आणखी एक बारकावा आहे, तो बहुतेक लेखांत सुटतो. फेऱ्या संपल्यावर शिल्लक शून्य होणारच होती, म्हणजे प्रत्येक खात्यातून हा खेळ एकदाच खेळता आला असता. ते टाळायला हल्लेखोराने शिल्लक शून्य होण्याआधीच आपली टोकन्स (डाओतल्या वाट्याची डिजिटल कुपनं) आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर सरकवली. फेरी झाली की टोकन्स परत आणायची आणि नव्याने सुरू करायचं. ज्याने हे लिहिलं त्याने कॉन्ट्रॅक्ट ओळन् ओळ वाचलं होतं.

आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही?

आलं होतं. या प्रकरणातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

विक्री संपायच्या एक दिवस आधी, २७ मे रोजी, डिनो मार्क, व्लाद झाम्फिर आणि कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक एमिन ग्युन सिरेर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि डाओचं काम तात्पुरतं थांबवा अशी जाहीर विनंती केली. त्यांचा रोख मतदानाच्या रचनेवर होता. उदाहरणार्थ, एखाद्या प्रस्तावावर मत दिलं की तुमची टोकन्स मतदान संपेपर्यंत अडकायची. मग ज्याला प्रस्ताव वाईट वाटतो तो विरोधात मत देऊन अडकून पडेल की गुपचूप बाहेर पडेल? विरोधी मतं कमीच पडणार आणि सुमार प्रस्ताव मंजूर होणार. झाम्फिर स्वतः डाओचे क्युरेटर, म्हणजे कोणता प्रस्ताव मतदानाला जाणार हे ठरवणाऱ्यांपैकी एक, होते, म्हणजे घरातल्याच माणसाने धोक्याची सूचना दिली होती.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रीएंट्रन्सीचीही चर्चा उघडपणे सुरू झाली. ९ जूनला पीटर व्हेसेनेस यांनी इथेरियमवरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ही चूक किती सर्रास आहे ते उदाहरणासह लिहिलं. तीन दिवसांनी डाओच्या मोबदला देणाऱ्या भागातही तीच चूक सापडली. त्याच दिवशी स्लॉक डॉट आयटीचे स्टीफन टुआल यांनी लिहिलं की डाओच्या पैशांना धोका नाही. त्यांचा तर्क असा की अजून कुठल्याच गुंतवणुकीतून नफा आलेला नाही, मोबदल्याच्या खात्यात पैसेच नाहीत, तर जाणार काय? त्या एका फंक्शनपुरता हा तर्क बरोबरही होता. पण तेच फंक्शन स्प्लिटच्या पोटातून बोलावलं जातं आणि तिथे आजूबाजूला सगळ्या निधीचे पैसे असतात, हे निसटलं.

दुरुस्तीचा कोड तयार होत होता. तो लागू करायला मात्र टोकनधारकांचं मतदान लागणार होतं आणि मतदानाला दिवस लागतात. पाच दिवसांनी, भारतीय वेळेनुसार सकाळी नऊच्या सुमारास, इथर बाहेर जायला लागलं.

मला त्या टीमला नावं ठेवायची नाहीत. कोड पहिल्यापासून सगळ्यांसमोर उघडा होता, बाहेरच्या सुरक्षा कंपनीकडून तपासूनही घेतला होता. पण पंधरा कोटी डॉलर ज्या वहीत आहेत ती दुरुस्त करायला एकही माणूस अधिकाराने हात घालू शकत नाही, हे जाहिरातीत गुण म्हणून सांगितलं होतं आणि १२ ते १७ जून या पाच दिवसांत तोच दोष ठरला.

पैसे चोरीला गेले होते, मग परत कसे आणता आले?

कारण ते चोराच्या खिशात पोहोचलेच नव्हते. स्प्लिटचं इथर चाइल्ड डाओत जातं आणि नव्या डाओला सुरुवातीला २७ दिवसांचा स्थापनेचा काळ असतो. त्या काळात कोणालाच काही काढता येत नाही. तो संपल्यावर पैसे बाहेर काढायलाही पुन्हा प्रस्ताव, पुन्हा थांबणं. चोराने तिजोरी फोडली, पण पैसे दुसऱ्या तिजोरीत गेले आणि तिचं कुलूप जुलैच्या मध्यापर्यंत उघडणार नव्हतं.

ही मुदत चोरी रोखायला ठेवलेली नव्हती. नव्या निधीत सभासद जमावेत म्हणून ती होती. पुढचं सगळं या उसन्या मिळालेल्या वेळेत घडलं. इथर थेट हल्लेखोराच्या वॉलेटमध्ये गेलं असतं तर ते त्याच दिवशी एक्स्चेंजवर (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) विकलं गेलं असतं आणि मग फोर्क करूनही, म्हणजे नेटवर्कचे नियमच बदलूनही, उपयोग झाला नसता, कारण तोवर ते हजारो निरपराध लोकांच्या हातात गेलेलं असतं. ‘डाओच्या वेळी पैसे परत आणले, मग आमचे का नाही?’ असं आज ज्यांना वाटतं त्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा.

उरलेल्या पैशांचं काय झालं?

हल्ला थांबला तेव्हा मूळ डाओत दोन तृतीयांश इथर शिल्लक होतं आणि भोक उघडंच होतं. ही पद्धत आता सगळ्या जगाला माहीत झाली होती. कोणीही यावं आणि उरलेलं न्यावं.

तेव्हा काही जण पुढे आले. ग्रिफ ग्रीन, लेफ्टेरिस कारापेट्सास, जॉर्डी बायलिना, अ‍ॅलेक्स व्हॅन डे सँडे, फॅबियन फोगेलस्टेलर ही त्यातली जाहीर झालेली नावं. सुरुवातीला त्यांनी स्वतःला रॉबिन हूड गट म्हटलं, पुढे व्हाइट हॅट गट. २१ जूनला त्यांनी हल्लेखोराचीच पद्धत वापरून उरलेलं ७० लाखांहून अधिक इथर आपल्या ताब्यातल्या चाइल्ड डाओंमध्ये ओढून घेतलं.

म्हणजे त्यांनीही हॅकच केलं. ते चालतं का?

तांत्रिकदृष्ट्या दोघांनी एकच गोष्ट केली. फरक असा की एकाने पैसे लपवले आणि दुसऱ्यांनी आपली नावं सांगून परत करायचं जाहीर वचन दिलं. शेजारच्या घराला आग लागली असताना कुलूप तोडून दागिने आपल्या कपाटात आणून ठेवणाऱ्यासारखं हे आहे. कायद्याचा कीस काढणाऱ्याला त्यातही गुन्हा दिसेल. मला त्यात धाडस दिसतं, कारण उद्या कोणी खटला भरला असता तर पकडायला हीच माणसं हाताशी होती, हल्लेखोर नव्हता.

त्यांची सुटका मात्र झाली नाही. स्प्लिटच्या मतदानात सहभागी झालेला कोणीही त्या चाइल्ड डाओत शिरू शकत होता आणि काही अनोळखी पत्ते तिथेही घुसलेले आढळले. म्हणजे नव्या तिजोरीतही चोर बसलेला असू शकत होता. त्याने पैसे काढायचा प्रयत्न केला की यांनी स्प्लिट करायचं, त्याने पुन्हा मागे यायचं, असा महिनोन्‌महिने पाठलाग चालला असता.

आधी सॉफ्ट फोर्क ठरला होता ना?

हो. मायनरांनी, म्हणजे तेव्हा व्यवहार तपासून ब्लॉकमध्ये नोंदवणाऱ्यांनी, डाओतून पैसे हलवणारे व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यायचेच नाहीत, अशी साधी कल्पना होती. नाकाबंदीच म्हणा. २८ जूनला त्यातली खोट उघड झाली: कोणीही भरपूर गणित करायला लावणारा व्यवहार पाठवून शेवटी डाओला हात लावायचा, मायनर सगळं गणित करणार, मग व्यवहार नाकारणार आणि त्याचं शुल्कही मिळणार नाही. फुकटात सगळं नेटवर्क जाम. बेत सोडून द्यावा लागला.

हार्ड फोर्कमध्ये काय केलं? जुने व्यवहार पुसले का?

पुसले नाहीत. ‘साखळी मागे नेली’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते चूक आहे. १७ जूनचे हल्ल्याचे व्यवहार आजही इथेरियमवर जसेच्या तसे आहेत, कोणीही बघू शकतो.

झालं ते असं. इथेरियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक अपवाद लिहिला: ब्लॉक क्रमांक १९,२०,००० आला की डाओ आणि त्याच्या चाइल्ड डाओंच्या ठरावीक यादीतल्या पत्त्यांवरचं सगळं इथर एका नव्या कॉन्ट्रॅक्टकडे न्यायचं. त्या नव्या कॉन्ट्रॅक्टला एकच काम येतं: १०० डाओ टोकन घ्यायची आणि १ इथर द्यायचं. एकोणीस लाख पानांच्या वहीतलं एकही पान फाडलं नाही, एका नव्या पानावर सगळ्यांच्या सहीने एक अपवादात्मक नोंद केली, असं समजा.

तो ब्लॉक २० जुलै २०१६ रोजी आला, भारतात तेव्हा संध्याकाळचे सातला दहा कमी होते. पुढच्या काही मिनिटांत लोक आपलं इथर काढून घेऊ लागले.

हे ठरवलं कोणी?

नोड (इथेरियमचं सॉफ्टवेअर चालवणारे संगणक) चालवणारे, मायनर, एक्स्चेंज आणि कोड लिहिणारे, या सगळ्यांनी मिळून. आणि म्हणूनच नेमकं कोणी, याचं एका नावात उत्तर देता येत नाही. सॉफ्टवेअर लिहिलं इथेरियम फाउंडेशनशी संबंधित मंडळींनी. इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांचा शब्द वजनदार होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सॉफ्टवेअर बसवायचं की नाही हे प्रत्येक नोडवाल्याच्या हातात होतं.

कार्बनव्होट नावाच्या साइटवर इथरच्या वजनाने मतचाचणीही झाली. ८५ टक्क्यांहून जास्त कौल फोर्कच्या बाजूने पडला. मात्र त्यात भाग घेतला तो एकूण इथरच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास इथरने, तोही थोड्याच दिवसांत. सोसायटीच्या सभेला गणसंख्या नसताना ठराव मंजूर करतात तसं हे झालं, असं विरोधक म्हणाले आणि त्यांचा मुद्दा खोडता येण्यासारखा नाही. मायनर आणि मोठी एक्स्चेंज बहुसंख्येने नव्या बाजूला गेली, खरा निकाल तिथे लागला.

फोर्कला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? चोराची बाजू का घ्यायची?

चोराची बाजू फार थोड्यांनी घेतली. डाओच्या अटींमध्येच लिहिलेलं होतं की ब्लॉकचेनवरचा कोड हाच खरा करार आणि बाकीचं स्पष्टीकरण त्यावर वरचढ ठरणार नाही. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी हल्लेखोराच्या नावाने एक पत्र फिरलं, त्यात हाच आधार घेतला होता: कोडने परवानगी दिली, मी घेतलं. पत्रावरची डिजिटल सही पडताळणीत खोटी ठरली, त्यामुळे ते कोणी लिहिलं याला अर्थ नाही. मुद्दा मात्र मागे राहिला.

विरोधकांचा मूळ आक्षेप असा: आज चांगल्या कारणासाठी नोंद बदलता, उद्या एखादं सरकार दबाव आणेल तेव्हा ‘आम्हाला शक्य नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? हा आक्षेप मला गंभीर वाटतो. तरीही त्या वेळी मत द्यायची पाळी आली असती तर मी फोर्कच्या बाजूनेच दिलं असतं. अकरा हजार लोकांचा पैसा, चोरी ठाऊक, रक्कम ठाऊक, पैसे एका जागी थांबलेले, आणि परत द्यायचा सरळ हिशोब समोर. अशा वेळी हात बांधून बसणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याची जबाबदारीही कोणाला तरी घ्यावी लागते.

इथेरियम क्लासिक कुठून आलं?

ज्यांनी नवं सॉफ्टवेअर बसवलं नाही त्यांची साखळी चालूच राहिली. ती आपोआप मरेल असं बहुतेकांना वाटलं होतं. २४ जुलैला पोलोनिएक्स या एक्स्चेंजने तिचं नाणं विक्रीला ठेवलं, भाव मिळाला आणि मायनर परतले. तेच इथेरियम क्लासिक. त्या साखळीवर डाओची चोरी आजही चोरीच आहे, आणि हल्लेखोराला तिथलं ३६ लाखांवर नाणं मिळालं.

मतभेद झाले तर घर वाटून वेगळं राहता येतं, ही या तंत्रज्ञानाची मला भावणारी गोष्ट आहे. पण वेगळं राहण्याचा खर्चही असतो. लहान साखळीला मायनर कमी, म्हणून २०१९ च्या जानेवारीत आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये क्लासिकवर बहुमताची संगणकशक्ती भाड्याने घेऊन हल्ले झाले.

मग सगळ्यांचे पैसे दुप्पट झाले?

ज्यांच्याकडे फोर्कच्या आधी इथर होतं त्यांना दोन्हीकडे तेवढंच मिळालं, भाव मात्र वेगवेगळे. सुरुवातीला यात मोठा खड्डा होता. एका साखळीवर सही केलेला व्यवहार दुसरीवरही चालायचा. तुम्ही एखाद्याला इथर पाठवलंत तर तोच व्यवहार उचलून क्लासिकवर टाकता यायचा आणि तिथलंही तेवढंच नाणं त्याच्याकडे जायचं. काही एक्स्चेंजना याचा चांगलाच फटका बसला. नोव्हेंबर २०१६ मध्ये सहीतच साखळीचा क्रमांक घालायची सोय झाल्यावर हे थांबवता आलं.

गुंतवणूकदारांना सगळं परत मिळालं का?

पहिल्या पंधरवड्यात पैसे घातलेल्यांना घातलं तेवढं इथर मिळालं. उशिरा आलेल्यांचं जरा किचकट होतं. पहिल्या १४ दिवसांनंतर टोकन महाग होत गेलं होतं, शेवटी १०० टोकनांना दीड इथर. वरचा फरक वेगळ्या खात्यात साठत होता आणि तो परत देण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करावी लागली.

क्लासिकच्या बाजूचा हिशोब आणखी वादाचा ठरला. व्हाइट हॅट गटाच्या हातात तिथलंही ७० लाखांवर नाणं होतं. ऑगस्टमध्ये त्यांनी बिटी या स्विस कंपनीच्या मदतीने त्यातलं काही विकून लोकांना इथरच्या रूपात द्यायचा प्रयत्न केला. न विचारता आमचं नाणं विकलं म्हणून लोक खवळले, एका एक्स्चेंजने रक्कम गोठवली. अखेर ऑगस्ट संपता संपता क्लासिकवरच पैसे काढायचं कॉन्ट्रॅक्ट उघडलं. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याच्या पैशाला हात लावताना आधी विचारायचं असतं, एवढं त्यांना महागात शिकावं लागलं.

हल्लेखोर सापडला का?

कुठल्याही न्यायालयात कोणावरही गुन्हा सिद्ध झालेला नाही. २०२२ मध्ये एका अमेरिकी पत्रकाराने ब्लॉकचेनवरच्या व्यवहारांचा माग काढून एका उद्योजकाचं नाव जाहीर केलं. त्याने आरोप नाकारला. म्हणून ते नाव इथे देत नाही.

सरकारने काही केलं का?

अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने चौकशी केली आणि २५ जुलै २०१७ रोजी अहवाल दिला. निष्कर्ष: डाओ टोकन हे रोखे होते, त्यांच्या विक्रीला १९३३ च्या कायद्याची नोंदणी लागू होती. ‘आमच्यात व्यवस्थापकच नाही, सगळे मत देतात’ हा बचाव कमिशनने मानला नाही. कोणता प्रस्ताव मतदानाला जाणार हे क्युरेटर ठरवत होते आणि विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या टोकनधारकांचं मत हे खरं नियंत्रण नव्हतं, असं त्यात म्हटलं आहे. कारवाई मात्र कोणावरही केली नाही.

पुढे कोणाचे पैसे गेले तर पुन्हा फोर्क होईल का?

आशा धरू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग (अनेक सह्यांनी चालणाऱ्या) वॉलेटचा सामायिक कोड एका वापरकर्त्याच्या हातून नष्ट झाला आणि ५ लाख १३ हजारांहून जास्त इथर कायमचं अडकलं. चोर नव्हता, मालक ठाऊक होते, पैसे समोर दिसत होते. ही कंपनी इथेरियमचे सहसंस्थापक गॅव्हिन वुड यांची. तरीही सोडवणुकीचा प्रस्ताव मंजूर झाला नाही आणि ते इथर तिथेच आहे. डाओच्या भांडणात सगळ्यांनी जे सोसलं ते पुन्हा सोसायची कोणाची तयारी नव्हती.

रीएंट्रन्सी आता इतिहासजमा झाली का?

नाही. उपाय पाठ झाले आहेत: आधी तपासा, मग नोंद करा, बाहेरचा कॉल सगळ्यात शेवटी, आणि फंक्शनला ‘आत कोणी आहे’ अशी कडी लावा, म्हणजे ते पूर्ण होईपर्यंत दुसऱ्यांदा शिरता येत नाही. तरी एप्रिल २०२२ मध्ये रारी कॅपिटलच्या कर्ज देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ८ कोटी डॉलर याच दोषामुळे गेले. जुलै २०२३ मध्ये कर्व्ह या नाणी बदलून देणाऱ्या सेवेच्या काही पूलमध्ये (सामायिक निधींमध्ये) तर कडी लावलेली होती, पण व्हायपर या भाषेच्या काही जुन्या कंपायलरमध्येच (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्येच) ती कडी नीट बसत नव्हती.

भारतातल्या वझीरएक्स या एक्स्चेंजचं प्रकरण असंच होतं का?

पैसे अडकलेल्यांचं दुःख सारखंच, पण प्रकार वेगळा. १८ जुलै २०२४ रोजी तिथून २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली ती अनेक सह्यांनी चालणाऱ्या वॉलेटमधून, सह्याच मिळवून. पैसे लगेच चोराच्या हाती पडले, मधे २७ दिवसांची मुदत नव्हती, आणि पुढची सगळी वाट सिंगापूरच्या न्यायालयातून गेली. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक), वेळ, दोन्ही पत्ते लिहून ठेवा. तक्रार उशिरा केली तर रक्कम गोठवायची संधी जाते.

माझ्या जुन्या वॉलेटमध्ये डाओ टोकन्स सापडली. आता काही मिळेल का?

इथेरियमवरच्या पैसे परत करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मुदतीची अट लिहिलेलीच नाही. कृती दोन पायऱ्यांची आहे: आधी तुमची टोकन्स हलवायची परवानगी त्या कॉन्ट्रॅक्टला द्यायची, मग पैसे काढायचं फंक्शन चालवायचं. गॅससाठी थोडं इथर त्याच वॉलेटमध्ये लागेल. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता कोणी पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नका. फोर्कचा जो अधिकृत तांत्रिक प्रस्ताव आहे त्यात तो छापलेला आहे, तिथून घ्या आणि पहिली-शेवटची चार अक्षरं बघून समाधान मानू नका, पूर्ण जुळवा. ‘डाओचे पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कोणालाही तुमच्या वॉलेटची किल्ली असलेले बारा किंवा चोवीस शब्द सांगू नका. या कामात ते शब्द टाइप करायची कुठेच गरज पडत नाही.